आईला घेऊन 'लाँग डेज जर्नी' बघायला जावं का?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. नंतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. तुम्ही न्यू जर्सीत राहता, सांगलीहून आई आल्या आहेत, आणि तुमच्या यजमानांनी अमेरिकन नाटककार यूजीन ओनीलच्या 'लाँग डेज जर्नी इन्टू नाइट'ची तीन तिकिटं काढली आहेत. प्रयोग साडेतीन तासांचा आहे. मैत्रीण म्हणाली, "चार माणसं एका खोलीत भांडत बसतात, मला झोप लागली." म्हणून तुम्ही विचारलंय की आधी वाचून जावं का, आईला इंग्रजी झेपेल का, आणि एवढा वेळ बसवेल का. आणि अगदी शेवटी, जाता जाता, एक ओळ लिहिली आहे: धाकटा भाऊ दोन वर्षं व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन-येऊन होता, आता बरा आहे, पण आईसमोर तो विषय घरात कोणी काढत नाही.

मला वाटतं खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे. वेळ, इंग्रजी, कंटाळा यांची उत्तरं सोपी आहेत, तीही देते. पण त्याआधी हे नाटक नेमकं कशाबद्दल आहे ते नीट सांगायला हवं. मैत्रिणीने सांगितलं ते खोटं नाही, पण त्यावरून काहीच कळत नाही.

मी प्रकाशयोजना करते. पुण्यात बरीच वर्षं प्रायोगिक नाटकांचे लाइट्स केले, आता पंधरा वर्षं इथल्या छोट्या थिएटरांत करते. हे नाटक मी एकदा केलंय आणि प्रेक्षक म्हणून तीनदा पाहिलंय. त्यामुळे माझं बोलणं दिव्यांच्या बाजूने येईल. पण या नाटकात ती बाजू बाहेरून चिकटवलेली नाही, लेखकानेच ती संहितेत लिहून ठेवली आहे.

ऑगस्ट 1912 मधला एक दिवस. कनेटिकटमधल्या समुद्रकाठच्या एका उन्हाळी घराची बैठकीची खोली. सकाळी साडेआठला नाटक सुरू होतं आणि मध्यरात्र उलटल्यावर संपतं. वडील जेम्स टायरोन, एकेकाळचा गाजलेला नट. आई मेरी. थोरला जेमी, दारुडा. धाकटा एडमंड, सारखा खोकतोय आणि त्याला क्षय आहे की काय याची सगळ्यांना धास्ती. मेरीला मॉर्फिनचं व्यसन आहे. एडमंडच्या जन्मानंतर दुखण्यावर डॉक्टरने दिलं आणि ते सुटलं नाही. उपचार घेऊन ती नुकतीच घरी आली आहे. नाटकातलं जवळजवळ पहिलंच वाक्य असं की नवरा तिला कवेत घेऊन कौतुकाने म्हणतो, वीस पाउंडांनी भरलीस, आता कशी छान दिसतेस. ज्या घरात कोणी व्यसनातून परत आलंय, तिथे वजन वाढण्याला काय किंमत असते हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणि आदल्या रात्री ती उठून पाहुण्यांच्या खोलीत गेली होती. थोरल्याने ऐकलंय, धाकट्याने ऐकलंय. पूर्वी, व्यसन सुरू असताना, ती तिथेच जायची.

एवढंच कथानक. पुढे काही 'घडत' नाही. म्हणून कथा शोधत बसलेल्या माणसाला झोप येते. कथा शोधू नका, नजरा बघा. पहिल्या अंकात तिघं पुरुष मेरीकडे बघतात, ती बघतेय असं दिसलं की मान फिरवतात. ती केसांवरून हात फिरवत विचारते, काय बघताय, केस सुटलेत का? पुन्हा थोड्या वेळाने तेच. हे नाटक पाळतीचं आहे. ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्यावर पाळत ठेवावी लागते, आणि पाळत ठेवली की त्याला कळतं आपल्यावर विश्वास नाही, आणि विश्वास नाही हे कळलं की त्याचा उरलासुरला धीर सुटतो. मेरी हे मुलाला जवळजवळ याच शब्दांत सांगते. साडेतीन तास या एका गाठीभोवती फिरतात.

तुमच्या आई नाटकवेड्या आहेत म्हणालात, म्हणजे 'एकच प्याला' त्यांना ठाऊक असणारच. तुलना करून सांगा, पटकन कळेल. गडकऱ्यांच्या नाटकात सुधाकर पहिला प्याला आपल्यासमोर घेतो, तळीराम तो देतो, आणि मग आपण एकेक पायरी खाली उतरताना बघतो. सिंधू सोसते, बोलत नाही. ओनीलच्या नाटकात पहिला प्याला तेवीसेक वर्षांपूर्वीच होऊन गेलाय. इथे व्यसन आईला आहे, आणि सोसणारे तिघेही बोलतात, वाटेल ते बोलतात, लगेच माफी मागतात, आणि पुन्हा बोलतात. कोणी तळीराम नाही. प्रत्येकाकडे दुसऱ्याला दोष द्यायला एक खरं कारण आहे. म्हणूनच एकाची बाजू घेऊन निवांत बसता येत नाही.

आता दिव्यांचं सांगते.

संहितेत नेपथ्याचं वर्णन आहे. मधल्या टेबलावर हिरव्या शेडचा वाचायचा दिवा. त्याची वायर वर जाऊन छताच्या झुंबरात खोचलेली. झुंबराला चार जागा, एक या दिव्याने घेतली, उरले तीन बल्ब. ते तीन बल्ब टायरोन लावू देत नाही, वीज कंपनीला कशाला श्रीमंत करायचं म्हणून. हा माणूस आयर्लंडहून आलेल्या गरीब घरातला, दहाव्या वर्षी कारखान्यात बारा-बारा तास राबलेला, आठवड्याला 50 सेंटवर. जमिनी घेत सुटतो आणि डॉक्टर मात्र स्वस्तातला बघतो. तसल्याच एका स्वस्त डॉक्टरमुळे बायको मॉर्फिनला लागली, हा मुलांचा आरोप आहे.

सकाळी खिडकीतून ऊन येतं. दुपारी जेवणाच्या वेळेला ऊन गेलेलं, हवेत धूसरपणा. संध्याकाळी साडेसहाला धुकं खिडकीला येऊन भिडतं, पांढऱ्या पडद्यासारखं. बंदरातला भोंगा वाजायला लागतो. प्रकाशयोजनेची शिकवणी म्हणून कोणी विचारलं तर मी याच नाटकाचं नाव सांगते, कारण दिवस मावळतो तशी मेरी मावळते आणि लेखक एकदाही ते बोलून दाखवत नाही. आम्ही केलं तेव्हा धुराचं यंत्र लावायचं की नाही यावर खूप बोलणं झालं. शेवटी लावलं नाही. खिडकीमागे बारीक जाळीचं कापड ताणलं आणि बाहेरचा प्रकाश अंकागणिक थंड आणि सपाट करत नेला. खिडकीच्या चौकटीची कड हळूहळू पुसट होत गेली. धूर दिसला की प्रेक्षक धुराकडे बघतो. इथे त्याने बाईकडे बघायला हवं.

चौथा अंक, मध्यरात्र. बाप एकटा पत्ते खेळत बसलाय. धाकटा दारू पिऊन, धुक्यातून चालून घरी येतो. दालनातला एक दिवा जळतोय यावरून दोघांची जुंपते. बाप मुलावर हात उगारायच्या बेताला येतो, मग त्याला आठवतं की मुलगा आजारी आहे. शरमतो. आणि त्या शरमेच्या भरात उठून झुंबराचे तिन्ही बल्ब एकामागून एक लावतो, जळू दे सगळे, शेवटी भिकेलाच लागायचंय तर आजच लागू. नट माणूस, तेही नाटकी ढंगात करतो. मुलाला हसू येतं, आपल्यालाही येतं.

मग त्या भगभगीत उजेडात बाप पहिल्यांदा खरं बोलतो. तरुणपणी, 1874 मध्ये, एडविन बूथ या त्या काळच्या सर्वांत मोठ्या नटाबरोबर तो रंगमंचावर होता, आणि बूथने म्हटलं होतं की हा पोरगा ऑथेल्लो माझ्यापेक्षा चांगला करतो. पुढे एक तुफान चालणारं नाटक स्वस्तात मिळालं, वर्षाला पैसा धो धो यायला लागला, आणि तीच एक भूमिका करत तो संपला. असं काय विकत घ्यायचं होतं मला, तो विचारतो, ज्यासाठी हे सगळं दिलं? उत्तर नाही. थोड्या वेळाने म्हणतो, या दिव्यांनी डोळे दुखतात, बंद केले तर चालतील ना? आणि उठून एकेक बल्ब बंद करतो.

हा प्रसंग मी इतका लांबवला कारण त्याचे दिवे मी स्वतः केलेत. आमच्याकडे बल्ब खरे होते पण बटण वर दिव्यांच्या नियंत्रण-खोलीत, म्हणजे बूथमध्ये, ऑपरेटरकडे. नटाचा हात बल्बला लागतो आणि त्याच क्षणी वरून प्रकाश जायला हवा. अर्धा सेकंद उशीर झाला तर लोक हसतात आणि बापाचं सगळं बोलणं वाया जातं. ऑपरेटरला मी क्यू, म्हणजे इशारा, शब्दावर दिला नाही, नटाच्या मनगटावर दिला. आणि एलईडी वापरायला नकार दिला. एलईडी झटकन विझतो. जुन्या तारेचा बल्ब विझताना तार क्षणभर नारिंगी राहते. तिसरा बल्ब गेला की त्या नारिंगी ठिपक्याखाली बापाचा चेहरा, मग तोही नाही. तालमीत पहिल्यांदा हे जमलं त्या रात्री कोणी काही बोललं नाही, दिग्दर्शकाने फक्त वही मिटली.

आणि मग शेवट. बाजूच्या मोठ्या दालनातले पाचही दिवे एकदम लागतात. कोणीतरी पियानो वाजवतंय, शोपँचा एक वॉल्ट्झ, शाळकरी मुलीसारखा अडखळत. मेरी येते, पांढऱ्या केसांच्या दोन वेण्या घातलेल्या, हातावर स्वतःचा लग्नातला पोशाख, त्याचं टोक जमिनीवर लोळतंय. दिवसभर बाप ज्या उजेडासाठी भांडला तो आता फुकट सांडलाय आणि कोणाचंही त्याकडे लक्ष नाही. ती कोणालाच ओळखत नसल्यासारखी बोलत राहते. कॉन्व्हेंट, नन व्हायचं स्वप्न, मग त्या वसंतात जेम्स टायरोनच्या प्रेमात पडले आणि काही काळ फार सुखात होते. तिघंही खिळून बसलेले. संपलं.

हे सगळं आधीच सांगून टाकलं म्हणून रसभंग झाला असं वाटत असेल तर तसं होत नाही. या नाटकात रहस्य नाही. उलट माझा अनुभव असा आहे की पुढे काय होणार हे माहीत असलेला माणूस पहिला अंक जास्त चांगला बघतो.

म्हणून वाचण्याबद्दल: पूर्ण संहिता वाचायची गरज नाही. फक्त चौथ्या अंकातला बाप-लेकाचा भाग आणि मेरीचं शेवटचं बोलणं वाचून जा. त्याच अंकात मुलगे फ्रेंच आणि इंग्रजी कवींच्या कविता म्हणत असतात. त्या कळल्या नाहीत तर अडून बसू नका, दोन दारू प्यालेली, शिकलेली, हरलेली मुलं कवितेच्या आड लपतायत एवढं कळलं की पुरे. आईंना आदल्या दिवशी सगळी गोष्ट मराठीत सांगा, प्रसंगवार, चहा घेत. नात्यांचा गुंता त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर कळेल.

इंग्रजीचं म्हणाल तर ते घरगुती बोलीचं आहे, वाक्यं लहान, पण आयरिश वळण आणि वेग नटांवर अवलंबून. थिएटरला फोन करून विचारा. ऐकायची यंत्रं बऱ्याच ठिकाणी मोफत देतात, आणि काही ठरावीक प्रयोगांना संवाद बाजूच्या पट्टीवर लिहून येतात. तसा प्रयोग असेल तर तिकिटं बदलून घ्या. बाल्कनीच्या मागच्या रांगा घेऊ नका. मेरीचे हात दिसायला हवेत. एकेकाळी पियानोसाठी घडलेली बोटं, आता संधिवाताने वाकलेली, आणि ती सतत ती लपवत असते. अर्ध्या भूमिकेचा अभिनय त्या हातांत आहे.

वेळेचं मात्र प्रयोगावर अवलंबून आहे, आणि फरक बराच पडतो. 1986 च्या ब्रॉडवे प्रयोगात दिग्दर्शक जोनाथन मिलरने पात्रांना एकमेकांच्या वाक्यांवर बोलायला लावलं, घरात बोलतात तसं, आणि लांबी बरीच कमी झाली. 2022 मध्ये न्यूयॉर्कला दिग्दर्शक रॉबर्ट ओ'हाराने करोनाच्या काळात आणून, मध्यंतर न ठेवता, दोन तासांच्या आत बसवलं. 2016 चा, मेरीच्या भूमिकेतल्या जेसिका लँगचा प्रयोग मात्र पूर्ण लांबीचा होता. तिला त्यासाठी टोनी हे नाट्यपारितोषिक मिळालं आणि नताशा कॅट्झ यांच्या प्रकाशयोजनेलाही. तुमचा साडेतीन तासांचा आहे म्हणजे संहिता जवळजवळ पूर्ण ठेवलेली दिसते. मला विचाराल तर पूर्णच बघावं. घरातली भांडणं कापून आटोपशीर केली की ती घरातली राहत नाहीत. तोच आरोप पाचव्यांदा ऐकताना जो थकवा येतो, तो त्या चौघांचा थकवा आहे.

आता तुमच्या शेवटच्या ओळीकडे.

हे नाटक ओनीलने स्वतःच्या घरावर लिहिलं. बाप जेम्स ओनील खरोखरच 'काउंट ऑफ माँटे क्रिस्टो' हजारो वेळा करत राहिलेला नट, आई एला मॉर्फिनच्या आहारी गेलेली, घर न्यू लंडनमधलं, जे आज संग्रहालय आहे. 1941 मध्ये लिहून पूर्ण केलं तेव्हा आई, बाप, भाऊ तिघंही जाऊन जवळजवळ वीस वर्षं झाली होती. तरी त्याने बजावलं की माझ्यानंतर 25 वर्षं हे छापू नका. तो 1953 मध्ये गेला. पत्नी कार्लोटाने 1956 मध्येच परवानगी दिली, पहिला प्रयोग स्टॉकहोमला स्वीडिश भाषेत झाला, पुढच्या वर्षी त्याला मरणोत्तर पुलित्झर मिळालं. नोबेल मिळालेल्या माणसालाही घरातली ही गोष्ट जिवंतपणी लोकांसमोर आणवली नाही. आणि एक तपशील मला कायम थांबवतो: नाटकात लहानपणी गेलेल्या बाळाचं नाव त्याने यूजीन ठेवलंय, स्वतःचं.

तेव्हा तुमच्या घरात हा विषय कोणी काढत नाही, यात तुमचं काही चुकलंय असं मानू नका.

आईंना हे बघून बरं वाटेल की त्रास होईल, हे मला इथून सांगता येणार नाही. ते त्यांच्या स्वभावावर, भाऊ आत्ता कितपत सावरलाय यावर, आणि त्यांनी स्वतःला किती दोष दिलाय यावर अवलंबून आहे. शेवटचं सर्वांत महत्त्वाचं, कारण या नाटकात 'हे कोणामुळे झालं' हा प्रश्न प्रत्येक अंकात विचारला जातो. आमच्या प्रयोगांत मी बूथमधून प्रेक्षागृह बघत असे. मध्यंतरात उठून परत न आलेली माणसं दर प्रयोगाला दोन-चार असायची, आणि सगळी कंटाळलेली नव्हती. एका रात्री सगळे गेल्यावर साठीचे एक गृहस्थ खुर्चीतच बसून होते. मी दिवे आवरायला खाली आले तेव्हा म्हणाले, "आमच्याकडेही वरच्या मजल्यावरची पावलं ऐकायचो आम्ही. मला वाटायचं फक्त आम्हीच." मग त्यांनी मला बल्बबद्दल विचारलं, आम्ही दहा मिनिटं बल्बबद्दल बोललो, आणि ते गेले.

त्यामुळे मी एवढंच म्हणेन की आईंना न सांगता नेऊ नका. 'घरगुती नाटक आहे, चल' असं म्हणून अंधारात बसवणं ही त्यांची फसवणूक होईल. गोष्ट सांगताना स्पष्ट सांगा की आई व्यसनी आहे आणि शेवटी ती सुटत नाही. भावाचं नाव तुम्ही काढू नका. त्या काढतील किंवा काढणार नाहीत. ऐकून 'नको' म्हणाल्या तर तिसरं तिकीट कोणाला तरी देऊन टाका आणि त्यावर चर्चा करू नका. 'चल' म्हणाल्या तर त्यांना कडेची खुर्ची द्या, तुम्ही शेजारी बसा. मध्यंतर कधी आहे ते आधी विचारून ठेवा, आणि तेव्हा बाहेर येऊन एकदाच विचारा, थांबायचं का. घरी जाऊया म्हणाल्या तर गाडीची किल्ली तुमच्याकडे असू द्या, यजमान उरलेलं नाटक बघून दुसऱ्या कोणाबरोबर येतील.

आणि थांबल्या तर शेवटी लगेच उठू नका. मेरीचं बोलणं संपतं, दिवे जातात, आणि टाळ्या सुरू व्हायच्या आधी थोडा वेळ शांतता असते. आम्ही तो अंधार मुद्दाम लांब ठेवला होता, दिग्दर्शकाशी भांडून सहा सेकंद मिळवले होते. तुमच्याकडच्या प्रयोगात किती असेल कोण जाणे, पण तेवढ्या वेळात आईंचा हात तुमच्या हातात असू द्या.